क्रूझवर टिप डॉलरमध्ये द्यायची की युरोमध्ये? आणि रुपये चालतील का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आम्ही घरचे पाच जण (मी, नवरा, मुलगी, सासूबाई, सासरे) बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर चाललोय. पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, रोमसाठी चिवितावेक्किया, मग नेपल्स आणि परत बार्सिलोना. बुकिंग आमचं आम्हीच केलंय, टूर कंपनी मधे नाही. जहाज अमेरिकन कंपनीचं आहे त्यामुळे जहाजावरचा सगळा हिशोब डॉलरमध्ये, आणि उतरायची गावं मात्र सगळी युरोवाली. रोजची जी ग्रॅच्युइटी (क्रूसाठी कंपनीच लावते ती ठरावीक टिप) असते ती बुकिंग करतानाच भरून टाकलीय, तरी केबिन आवरणारा आणि जेवणाच्या टेबलावरचे वेटर यांना निघताना आपल्या हाताने वेगळं काहीतरी द्यायचं असं सासऱ्यांनी ठरवलंय आणि मलाही ते पटतंय.

आता घोळ असा की नाशिकचा मनी चेंजर म्हणतो युरोपात जाताय तर डॉलर कशाला घेता, युरोच घ्या सगळे. नवरा म्हणतो पगार डॉलरमध्ये मिळणाऱ्याला डॉलरच द्यावेत. सासूबाई म्हणतात तिथे आपलीच मुलं असतात कामाला, गोव्याची मुंबईची, त्यांना सरळ पाचशेच्या नोटा द्या ना. आणि मला वाटत होतं की शेवटच्या दिवशी जे सुटे युरो उरतील ते सगळे वाटून टाकावेत म्हणजे परत आणायला नको. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, विशेषतः घेणाऱ्याला काय सोयीचं पडतं ते. आपल्याला काय सोयीचं ते आम्ही बघून घेऊ.

पश्चिमवारा_ठाणे
ज्या चलनात जहाजाचं बिल होतं त्या चलनात टिप, एवढं लक्षात ठेवलं की ९० टक्के प्रश्न सुटतो. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी, नॉर्वेजियन, प्रिन्सेस वगैरे अमेरिकन कंपन्या युरोपात आल्या तरी बहुतेक डॉलरच वापरतात. एमएससी आणि कोस्टा भूमध्य समुद्रात असतील तर युरो. साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या पी अँड ओवर पौंड. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन घेतली तरी जहाजावर अमेरिकन डॉलरच, लोक उगाच सिंगापूर डॉलर भरभरून नेतात. तेव्हा तुमच्या केसमध्ये जहाजासाठी डॉलर आणि खाली उतरल्यावर गाईड, बस ड्रायव्हर, बार्सिलोनाच्या धक्क्यावर बॅगा घेणारे यांच्यासाठी युरो. मनी चेंजर चूक सांगत नाहीये, फक्त त्याला जहाजाचं माहीत नाही.

वेंगुर्ल्याचा_मी
ताई, मी बरीच वर्षं जहाजावर होतो, आधी हाउसकीपिंगला मग डायनिंगला, तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. घेणाऱ्याची सोय तुम्ही विचारलीत हे बघूनच बरं वाटलं, सहसा प्रश्न "किती द्यायचे" एवढाच येतो.

आधी डॉलरचं. तुम्ही म्हणताय तशा जहाजावर पगार डॉलरमध्ये होतो, आणि मुख्य म्हणजे डॉलर कुठल्याही देशाच्या माणसाला चालतो. तुमची केबिन आवरणारा फिलिपिन्सचा असेल, वेटर इंडोनेशियाचा, त्याचा असिस्टंट केरळचा किंवा पेरूचा. सगळ्यांच्या गावात डॉलर बदलून मिळतो. कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं असतं, तेवढा काळ ती नोट लॉकरमध्ये पडून राहते आणि मग घरी जाते. फिलिपिनो पोरांचं तर अजून एक आहे, त्यांच्या सरकारच्या नियमाप्रमाणे बेसिक पगाराचा किमान ८० टक्के भाग घरी पाठवावाच लागतो, म्हणजे हातात खेळता पैसा जो असतो तो बराचसा टिपचाच. म्हणून रोख मिळालेल्या वीस डॉलरची किंमत त्याच्या लेखी बिलावर दिसणाऱ्या वीस डॉलरपेक्षा वेगळी असते.

युरोच्या नोटा सुद्धा चालतात, कोणी नाक मुरडत नाही. सीझनभर जहाज त्याच बंदरांना फिरत असतं, तास-दोन तास सुट्टी मिळाली की क्रू खाली उतरतो, सिमकार्ड घेतो, घरी व्हिडिओ कॉल करतो, कॉफी पितो, शॅम्पू-साबण घेतो, तिथे पाच-दहा युरोची नोट लगेच कामाला येते. त्यामुळे युरो दिले तर वाया गेले असं अजिबात नाही.

पण नाणी देऊ नका. हे मी जरा ठासून सांगतोय कारण शेवटच्या रात्री पाकिटात खुळखुळ करत नाणी देणारे खूप असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. मनी चेंजर सहसा परदेशी नाणी घेतच नाहीत, मनिलात नाही, जकार्तात नाही, मडगावातही नाही. ती संपवायची तर ते चलन चालतं अशाच देशात उतरून संपवायची, आणि बार्सिलोनाला ज्या दिवशी तुम्ही उतरता तो आमचा सगळ्यात मोठा दिवस, एकाच दिवसात अख्खं जहाज रिकामं करून, सगळ्या केबिन धुऊन पुसून नवीन माणसं भरायची, त्या दिवशी खाली कोण जाणार. एक आणि दोन युरोची नाणी तुम्ही बंदरातच संपवा. वॉशरूमला लागतात, कॉफीला लागतात, बस ड्रायव्हरला देता येतात.

आता नोटेबद्दल. दुमडलेली, पेनाने काही लिहिलेली, शिक्का मारलेली, कोपरा फाटलेली डॉलरची नोट इंडोनेशिया आणि फिलिपिन्सकडचे मनी चेंजर एक तर परत करतात नाहीतर कमी भाव देतात. लहान नोटांना सुद्धा तिकडे मोठ्या नोटांपेक्षा भाव कमी मिळतो. म्हणून वीस डॉलर द्यायचे असतील तर एकएकच्या वीस नोटांचं बंडल देण्यापेक्षा वीसची एक कोरी नोट द्या. एकच्या नोटा रूम सर्व्हिसवाल्याला, बॅग आणून देणाऱ्याला अशा रोजच्या वापरासाठी ठेवा.

रुपयांबद्दल सासूबाईंना सांगा की भावना पोचली. भारतीय पोरगा असेल तर तो घेईल आणि घरी आल्यावर वापरेलही. पण त्याच टेबलावर दुसरा वेटर इंडोनेशियाचा असतो, त्याच्या हातात पाचशेची नोट म्हणजे नुसता कागद. शिवाय आम्हाला एक जुना अनुभव आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा माझ्याबरोबरची कितीतरी भारतीय मुलं समुद्रात होती आणि पाहुण्यांनी दिलेल्या, घरून निघताना खिशात राहिलेल्या पाचशे-हजारच्या नोटा लॉकरमध्ये होत्या. त्या काळात देशाबाहेर असलेल्यांना रिझर्व्ह बँकेने मुदत दिली होती, एरवी भारतात राहणाऱ्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत आणि अनिवासी भारतीयांना ३० जून २०१७ पर्यंत, पण ती फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि नागपूर एवढ्याच ऑफिसात, पासपोर्टवरचे शिक्के दाखवून. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट मुदतीनंतर संपत होतं त्याने काय करायचं? तेव्हापासून माझ्या ओळखीतली पोरं लॉकरमध्ये रुपये ठेवायला नकोच म्हणतात. भारतीय मुलालाही डॉलरच द्या आणि मराठी असेल तर दोन वाक्यं मराठीत बोला, घरापासून इतके महिने लांब असताना ते कानावर पडलं की फार बरं वाटतं हो.

हिशोबी_माणूस
मला यातलं एक कळत नाही. माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर हे लोक आधीच घेतात. १८ धरले तरी दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या वर गेले. त्यावर बारमध्ये प्रत्येक ड्रिंकला अजून १८-२० टक्के आपोआप लागतात. मग पुन्हा हातात टिप कशासाठी? पगार देणं हे कंपनीचं काम आहे, पाहुण्याचं नाही. आणि ज्यांना द्यायची हौस आहे त्यांनी ती आधीची कापलेली रक्कम रिसेप्शनवर जाऊन काढून टाकावी आणि थेट माणसाच्या हातात द्यावी, निदान कुठे गेली ते कळेल.

वेंगुर्ल्याचा_मी
@हिशोबी_माणूस, पगार कंपनीने पूर्ण द्यावा हे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि क्रूमधल्या कोणालाही विचारा, तोच हो म्हणेल. पण ती रक्कम काढून टाकू नका ही कळकळीची विनंती. त्यात नुसता तुमचा वेटर नसतो. बऱ्याच कंपन्यांत त्यातला वाटा लाँड्रीत, बफेच्या मागे, कॉरिडॉर साफ करणाऱ्या माणसांपर्यंत जातो, ज्यांचं तोंडही तुम्हाला कधी दिसत नाही. तुम्ही ती काढलीत की त्यांचा वाटा गेला. आणि दुसरं असं की बऱ्याच कंपन्यांत नियम आहे, ज्या केबिनने ग्रॅच्युइटी काढून घेतली त्या केबिनकडून मिळालेली रोख टिप त्या पोराला स्वतःकडे ठेवता येत नाही, सगळ्यांच्या पूलमध्ये जमा करावी लागते. म्हणजे तुम्हाला वाटतं त्याच्या हातात दिले, प्रत्यक्षात तसं होत नाही.

वरची टिप मात्र पूर्ण ऐच्छिक. नाही दिली तर कोणी तुमच्याकडे वाकड्या नजरेने बघणार नाही. त्यापेक्षा ज्याने चांगली सेवा दिली त्याचं नाव शेवटच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा, स्पेलिंग नेमप्लेटवर बघून. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आणि प्रमोशन ठरताना ते बघितलं जातं, आणि त्याला कुठलंच चलन लागत नाही.

थेम्सकाठी
इंग्लंडहून जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे म्हणून लिहितेय. पी अँड ओ (ब्रिटनवाली) ने २०१९ पासून रोजची वेगळी ग्रॅच्युइटी बंदच केली, ती तिकिटातच धरतात. मरेला या इथल्या दुसऱ्या क्रूझ कंपनीचंही तसंच आहे. त्यामुळे इथले आपले मराठी लोक आई-वडिलांना साउदॅम्प्टनहून नेतात तेव्हा वेगळं काही कापलं जात नाही आणि मग हातात देणारे पौंडातच देतात.

पौंडाची सगळ्यात लहान नोट पाचची, त्याखाली सगळी नाणी, त्यामुळे पाच, दहा, वीस असंच द्यावं लागतं. आणि घरात कुठेतरी ठेवलेल्या जुन्या कागदी नोटा कृपया क्रूला देऊ नका. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड बदलून देते पण ते काम इथे राहणाऱ्याने करायचं, फिलिपिन्समधल्या सेबूच्या मुलाच्या माथी कशाला मारायचं. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी अशीच नोट अगदी प्रेमाने देऊ केली होती आणि त्या मुलाला ती परत करताना किती अवघडल्यासारखं झालं ते मी समोर बघितलंय.

फॉरेक्स_काउंटर
मी याच धंद्यात आहे म्हणून व्यवहाराचं सांगतो. गोदाकाठ ताई, तुमच्या मनी चेंजरला आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा की डॉलरमध्ये १, ५, १० आणि २० च्या नोटा हव्यात. ऐन वेळी गेलात तर तो शंभर आणि पन्नासच्याच देणार, कारण काउंटरवर त्याच असतात, लहान नोटा कोणी विकायला आणेल तेव्हाच आमच्याकडे येतात. घेताना एकेक नोट उलटसुलट बघून घ्या, खराब वाटली तर तिथेच बदलून मागा, त्यात लाजायचं काही नाही. दोन डॉलरची नोट हौसेने कोणी देत असेल तर नको म्हणा, अमेरिकेत ती कायद्याने चालते पण आशियातले बरेच मनी चेंजर घेत नाहीत.

रोख परदेशी चलन माणशी एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतं, तुम्हाला एवढं लागणारच नाही. भारतीय रुपये बाहेर नेताना माणशी २५,००० ची मर्यादा आहे, पण सासूबाईंना सांगा तेवढे नेऊन तिकडे काही उपयोग नाही, परत येताना मुंबई एअरपोर्टवरून नाशिकपर्यंत टॅक्सीला लागतील तेवढेच ठेवा. परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांच्या आत विकायचं असतं, २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा मात्र पुढच्या वेळेसाठी घरी ठेवता येतात. तेव्हा उरतील या भीतीने सगळे वाटून टाकायची गरज नाही, नोटा आम्ही घेतो. नाणी आम्हीही घेत नाही, वर वेंगुर्लेकरांनी सांगितलंय तेच.

अजून एक. जहाजावर शेवटी कार्डचं बिल करताना काही ठिकाणी विचारतात की रुपयांत करू का. नाही म्हणा, जहाजाच्याच चलनात करा म्हणा. रुपयांत केलं की त्यांच्या भावाने धरतात आणि तो भाव आपल्या फायद्याचा नसतो. आणि जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं) नको, त्यावर रोज रक्कम अडकवून ठेवतात आणि मोकळी व्हायला दिवस लागतात.

सह्यकडा
इथेच विचारते. आम्ही टूर कंपनीबरोबर जातोय, त्यांनी आयटिनररीच्या खाली लिहिलंय "टिप समाविष्ट". मग जहाजावरची झाली का त्यात? आणि मागे आम्ही कॉर्डेलिया क्रूझने मुंबईहून लक्षद्वीपला गेलो होतो तेव्हा सगळं रुपयांतच होतं, काही प्रश्नच आला नव्हता.

पश्चिमवारा_ठाणे
@सह्यकडा कॉर्डेलियाचा हिशोब रुपयांत असतो म्हणून तिथे रुपयेच द्यायचे, नियम तोच, जहाजाचं चलन. टूरचं मात्र लेखी विचारून घ्या. टूरवाले "टिप" म्हणतात ती बऱ्याचदा बस ड्रायव्हर आणि लोकल गाईडची असते, दिवसाला माणशी दोन-तीन युरो वगैरे, आणि जहाजाची ग्रॅच्युइटी वेगळी. ती टूरने भरली नसेल तर शेवटच्या दिवशी तुमच्या केबिनच्या बिलावर येते आणि मग ग्रुपमध्ये सगळ्यांची रिसेप्शनसमोर रांग लागते, भांडणं होतात. "जहाजाची डेली ग्रॅच्युइटी भरलेली आहे का, पावती दाखवा" असं सरळ शब्दांत विचारा.

सिअ‍ॅटलवासी
अलास्काला जाणाऱ्यांसाठी एक ओळ टाकतो. इथून निघणारी जहाजं बहुतेक व्हिक्टोरियाला थांबतात, ते कॅनडात आहे, तिथे सुटे म्हणून कॅनडाची एक आणि दोन डॉलरची नाणी हातात येतात आणि लोक ती "डॉलरच तर आहे" म्हणून क्रूच्या पाकिटात घालतात. तसं करू नका. अमेरिकेत राहणाऱ्यांचं सोपं आहे, बँकेत जाऊन पाच आणि वीसच्या कोऱ्या नोटा मागितल्या की देतात, त्याच न्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. घरी सगळं वाचून दाखवलं. नोटाबंदीचं ऐकून सासूबाईंनी रुपयांचा हट्ट सोडला, आता त्यांचं म्हणणं एवढंच की वीस नाही द्यायचे, एकवीस द्यायचे, पाकिटात वरचा एक हवाच, शुभ असतं. @वेंगुर्ल्याचा_मी दादा, तो एक कसा द्यायचा? आणि पाकीट नेमकं कधी द्यायचं, शेवटच्या रात्री की सकाळी उतरताना? की पहिल्याच दिवशी दिलेलं बरं? आणि तीनही जणांना सारखंच द्यायचं का?

वेंगुर्ल्याचा_मी
सासूबाईंना नमस्कार सांगा. डॉलरमध्ये हे अगदी सरळ जमतं, वीसची एक नोट आणि एकची एक नोट, एकचीही नोटच असते. युरोत केलंत तर वरचा एक म्हणजे नाणं आलं, आणि ते नाणं सहसा कुठे बदलून मिळत नाही हे वर झालंच आहे. हेच एक कारण धरलं तरी पाकिटं डॉलरची करा. एकच्या आठ-दहा नोटा नाशिकहूनच घेऊन जा. जहाजावर रिसेप्शनला मोठी नोट मोडून देतात पण शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांनाच सुटे हवे असतात आणि एकच्या आणि पाचच्या नोटा संपतात. पाकिटं पण इथूनच न्या, लग्नाची आहेराची नाणं चिकटवलेली नकोत, साधी कागदी.

किती ते तुमच्यावर, पण विचारलंत म्हणून सांगतो, आठवड्याला केबिन आवरणाऱ्याला प्रत्येक केबिनमागे वीस-तीस आणि वेटरला तेवढेच किंवा थोडे कमी, असिस्टंटला दहा-पंधरा, एवढं पुष्कळ झालं. तुमच्या दोन केबिन असतील आणि दोन्हीला एकच माणूस असेल तर दोन पाकिटं करायची गरज नाही, एकातच घाला. असिस्टंट वेटरला विसरू नका, लोक मोठ्या वेटरला देतात आणि पाणी भरणारं, ताटं उचलणारं पोरगं तसंच उभं राहतं. आजी-आजोबांना जेवणात काही वेगळं लागत असेल, बिनकांद्या-लसणाचं किंवा कमी तिखट, तर ते रोज आत किचनमधून मागून आणणाराही बहुतेक तोच असतो.

पहिल्या दिवशी देणारेही असतात, वाईट काही नाही, पण त्याने सेवेत फरक पडेल असं धरून देऊ नका, पोरं सगळ्यांचं सारखंच करतात. शेवटच्या रात्रीचं जेवण झालं की टेबलावरच्या दोघांना तिथेच द्या. केबिनवाल्याला मात्र त्याच्याही आधी, संध्याकाळी तो पलंग आवरायला येतो तेव्हा हातात द्या. बॅगा रात्री बाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा कॉरिडॉरमध्ये सगळ्यांचीच धावपळ असते, आणि सकाळी उतरताना तो तुम्हाला सापडणारच नाही, पलीकडच्या केबिनमध्ये चादरी काढत असेल. उशीवर ठेवून जाणार असाल तर पाकिटावर त्याचं नाव आणि केबिन नंबर लिहा, म्हणजे विसरून राहिलेले पैसे समजून ते लॉस्ट अँड फाउंडला जमा होणार नाहीत.